इंजिन चालू आहे, बाबा

बॅरी गावात मार्च संपताना बर्फ जात नाही,
नुसता मळतो.
ग्रॅनाइटच्या खाणीकडे चढणारा रस्ता म्हणजे घोटाभर चिखल,
आणि त्याच्या टोकाला, डार्लीन थिबोच्या अंगणात,
ती उभी. हिरवी, लांबोडकी, चारही चाकांनी ओढणारी.
काचेवर खडूनं लिहिलेली किंमत, अर्धी पुसलेली.

मी पुठ्ठा आणलाय अंथरायला, टॉर्च, खिशात लोहचुंबक,
आणि रेवाची गाडीतली खुर्ची, रेवाशिवाय.
डार्लीन खुर्चीकडे बघते, मग माझ्याकडे.
"आधी ही बसवून बघ. बाकीचं जमवता येतं."
बसते. पट्टा खटकन लागतो.
फटीत कुणाचं तरी द्राक्ष, बेदाणा झालेलं.

पुठ्ठ्यावर पाठ टेकून खाली सरकते.
तेरा हिवाळ्यांचं मीठ इथं साठलंय.
पोलादाला पापुद्रे सुटलेत खारीसारखे,
बोट लावलं तर एक तुकडा सरळ डोळ्यात.
मागच्या चाकाच्या वर चुंबक धरवत नाही :
तिथं गाडी नाही, लांबी भरलीय, वर रंग.
"हरीण," डार्लीन वरून म्हणते.
मी विचारलंही नव्हतं.

एक लाख त्रेचाळीस हजार मैल.
बाबांना फोनवर किलोमीटरमध्ये सांगते.
विट्यात संध्याकाळचे साडेसात,
बातम्यांचा आवाज बारीक करून ते हिशेब मांडतात.
"पृथ्वीला पावणेसहा फेऱ्या. एवढ्यात आमची एसटी
कुठं वयात यायची."

चौतीस वर्षं डेपोत.
स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून
लाकडी मूठ कानाशी धरायचे;
ड्रायव्हर लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे.
मला आत यायला बंदी. फ्रॉकला ऑइल लागेल.
मी डबा घेऊन फाटकाशी,
तिथून दिसायचं सगळं, ऐकू काहीच यायचं नाही.

"चाकं बघ. चारही सारखी झिजलीत का?"
नाणं खुपसून मोजते. तीन म्हातारी, एक कोवळं.
"का म्हणून? विचार तिला.
चौघांत एकाची चाल वेगळी, की मधला गिअर भांडून मरतो."
डार्लीनची मुलगी गाडी शिकत होती, दगडावर घातली.
"एकाचेच पैसे होते," ती म्हणते,
आणि अंगणातल्या दगडाकडे बोट दाखवते,
जणू तोही दाखवायचा राहिला असता तर फसवणूक झाली असती.

"आता चालू कर. फोन इंजिनाजवळ धर."
धरते.
"कर की चालू."
"चालूच आहे, बाबा."
"काही येत नाही. तुझा श्वास येतोय नुसता.
दमलीस का गं?"

फोन शहाणा. गोंगाट गाळतो, माणूस ठेवतो.
पावणेसहा फेऱ्या त्यानं गोंगाटात काढल्या.
बाबा तिकडं कान देऊन बसलेत इंजिनासाठी
आणि त्यांना मी ऐकू येतेय.

डार्लीन स्वयंपाकघरातून स्क्रूड्रायव्हर आणते,
पिवळ्या मुठीचा, मुठीवर रंगाचे शिंतोडे.
टोक लोखंडाला, मूठ कानामागच्या हाडाला.
आधी नुसती घरघर. दातांत पोचते.
मग खाली, डाव्या अंगाला,
टिक. थांबून, टिक.
"कोरडा की ओला?" बाबा विचारतात.

कोरडा की ओला.
डोळे मिटते. एकात तसंही गंज आहे.
"कोरडा. तापेल तसा विरळ होतोय."
पलीकडे बातम्या पूर्ण बंद.
"मग चालतंय," म्हणतात.
आणि बऱ्याच वेळानं, "तूच ऐकलंस ना?"

खाणीचा चढ. चिखल चाकांना धरू बघतो,
ती मागून रेटते, पुढून ओढते, तिरकी होते, सावरते.
डार्लीन शेजारी, हात मांडीवर, स्वतःच्याच गाडीत पाहुणी.
मागं रिकामी खुर्ची जरा डुलते.
भाव ठरलेला नाही. तीन चाकांचे पैसे
कुणी सोसायचे, हे दोघींपैकी कुणीच काढत नाही.
वळणावर ती एवढंच म्हणते,
"इथं दुसरा गिअर. तिला आवडतो."
मी घालते.